मुलगी उंच आहे म्हणून तिला नुसती ब्लॉकर करू नका

सातारा जिल्ह्यातल्या एका आईने विचारलं आहे: "मुलगी १५ वर्षांची, यंदा दहावीत. उंची ५ फूट ८ इंच. जिल्हा संघातून खेळते, ब्लॉकर आहे. सर म्हणतात शाळा सोडा, बाहेरून परीक्षा देऊ द्या आणि अकादमीत टाका. व्हॉलीबॉलमध्ये मुलींना व्यावसायिक करिअर आहे का? पैसे किती मिळतात? आम्ही ही जोखीम घ्यावी का?"

ताई, यात तीन प्रश्न एकत्र झाले आहेत. करिअर आहे का, हा सोपा. शाळा सोडावी का, हा त्याहून सोपा. तुम्ही न विचारलेला तिसरा प्रश्न मात्र सगळ्यात महत्त्वाचा आहे: ५ फूट ८ इंचांची मुलगी ब्लॉकर (जाळीजवळ मधे उभी राहून समोरचा स्मॅश अडवणारी) म्हणून तयार करावी का? माझ्या मते तुमच्या लेकीचं करिअर अकादमीपेक्षा या एका निर्णयावर जास्त अवलंबून आहे. त्यामुळे उत्तरातला मोठा भाग त्यालाच देतो.

आधी पैशांचं. 'व्यावसायिक' म्हणजे क्लबशी करार, हंगामाचं मानधन, असं तुमच्या मनात असेल तर भारतात मुलींसाठी ती व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही. २०२२ मध्ये सुरू झालेली प्राइम व्हॉलीबॉल लीग पुरुषांची आहे. आपल्याकडची महिला खेळाडू पोट भरते ती नोकरीवर. रेल्वे, केरळमधलं वीज मंडळ आणि पोलीस, केंद्रीय पोलीस दलं, काही सरकारी खाती खेळाडूंच्या कोट्यातून भरती करतात. मग ती मुलगी त्या संस्थेच्या संघातून खेळते आणि पगार महिन्याच्या महिन्याला येतो. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वे आणि केरळ हेच दोन संघ अंतिम फेरीत का दिसतात, त्याचं उत्तर यातच आहे. जिथे नोकऱ्या आहेत तिथे मुली पंचविशी-तिशीपर्यंत खेळत राहतात. बाकी राज्यांत कॉलेज संपलं की खेळ संपतो.

रेल्वेचं उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रातल्या मुलीला ते सगळ्यात जवळचं. खेळाडू कोट्यातून वेगवेगळ्या स्तरांवर भरती होते. स्तर १ ची मूळ वेतनाची सुरुवात १८,००० रुपये, स्तर २ ची १९,९००, स्तर ३ ची २१,७००, स्तर ४ ची २५,५०० आणि स्तर ५ ची २९,२००. यावर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे वेगळं. वय १८ ते २५, आणि या कोट्यात वयाची सवलत मिळत नाही. गुणांची विभागणी साधारण अशी असते: खेळातल्या कामगिरीला ५०, मैदानावरच्या चाचणीला ४०, शिक्षणाला १०. हे शेवटचे १० गुण फुटकळ वाटतात, पण शिक्षणाची खरी मेख पात्रतेत आहे. स्तर १ ला दहावी किंवा आयटीआय लागतं, स्तर २-३ ला बारावी, स्तर ४-५ ला पदवी. सारख्याच खेळणाऱ्या दोन मुलींपैकी एक स्तर १ वर लागते आणि दुसरी स्तर २-३ वर, ते बरेचदा या कागदामुळे. कामगिरीही जुनी चालत नाही. चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतली धरतात, म्हणजे १६ व्या वर्षी मिळवलेलं पदक २२ व्या वर्षी कामाला येत नाही. जाहिरात दरवर्षी नव्याने निघते, त्यातल्या अटी त्या त्या वेळी वाचूनच अर्ज करा.

तेव्हा शाळा सोडायची नाही, हा प्रश्न इथेच मिटला. दहावी रीतसर करा, पुढे कला किंवा वाणिज्य घ्या. विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिकांच्या आणि सरावाच्या वेळा एकमेकींवर येतात आणि दोन्हीकडे अर्धवट होतं. पण हा आपला अनुभव, नियम नव्हे. मुलीला विज्ञानाची ओढ असेल तर तसं कॉलेज शोधता येतं.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे शाळेच्या संघात जी सगळ्यात उंच, तिला मधे उभी करतात. गडबड इथूनच सुरू होते. व्हॉलीबॉलमध्ये मधली ब्लॉकर मागच्या ओळीत गेली की तिच्या जागी लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या ओळीत बचाव करणारी खेळाडू, येते. लिबेरोच्या अदलाबदलीला मर्यादा नसते, ती नेहमीच्या सहा बदलांत मोजली जात नाही. त्यामुळे ब्लॉकर पुढच्या ओळीत तीन फेऱ्या उड्या मारते, एकदा सर्व्हिस करते आणि बाहेर जाऊन बसते. समोरून आलेली सर्व्हिस उचलणं, मागे पडलेला चेंडू वाचवणं हे तिला सामन्यात करावंच लागत नाही, म्हणून सरावातही कुणी करून घेत नाही. शालेय स्पर्धेत ती चमकते, कारण समोरच्या मुली ५ फूट ३ इंचांच्या असतात.

पुढे उंची वाढायची थांबते. मुलीची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तर उंची फारशी वाढायची राहिलेली नसते, एखाद-दुसरा इंच. म्हणजे तुमची लेक ५ फूट ९ च्या आसपास थांबेल असं धरून चाला. राष्ट्रीय वरिष्ठ पातळीवर मधे खेळणाऱ्या मुली ५ फूट ११ आणि त्यावर असतात, परदेशी लीगमध्ये ६ फूट १-२ इंच ही रोजची गोष्ट आहे. तिथे ५ फूट ९ ची ब्लॉकर बुटकी ठरते. डाव्या बाजूला, म्हणजे चार नंबरवर जावं तर सर्व्हिस उचलता येत नाही, आणि चार नंबरच्या खेळाडूचं अर्धं काम तेच असतं. अशा मुली १९ व्या वर्षी कुठेच बसत नाहीत. उंची आहे, उडी आहे, मेहनत आहे आणि जागा नाही.

उलट उदाहरण दक्षिण कोरियाची किम यॉन-क्युंग. ६ फूट ३-४ इंचांची, तुर्कस्तानच्या फेनरबाहचेपर्यंत पोचलेली, तिच्या पिढीतल्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. शाळेत ती संघातल्या बुटक्या मुलींपैकी होती, त्यामुळे मागच्या ओळीतली आणि सेटरची (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारीची) कामं तिच्या वाट्याला आली. उंची नंतर झपाट्याने वाढली. एवढ्या उंच अटॅकरला एवढं स्वच्छ अंडरहँड कुठून, याचं उत्तर त्या बुटक्या वर्षांत आहे. दुसरीकडे थायलंडची सेटर नूत्सारा तोमकोम. उंची ५ फूट ७ च्या आतबाहेर, तरी अझरबैजान आणि तुर्कस्तानच्या क्लबांनी तिला घेतलं ते हातांसाठी. उंची मिळणं आपल्या हाती नाही. हात आणि पास घडवणं आहे, आणि ते १३ ते १७ या वयात जितकं पक्कं बसतं तितकं नंतर बसत नाही.

म्हणून मी सांगेन: पुढची दोन वर्षं मुलीला चार नंबरसाठी तयार करा, पासिंग, म्हणजे सर्व्हिस उचलून सेटरकडे देणं, रोजचं, आणि आठवड्यातून दोनदा सेटिंग. जिल्हा संघात सर मधे खेळवत असतील तर खेळू द्या, संघाची गरज असते. सराव मात्र सगळ्याचा व्हायला हवा. सरांशी वाद घालू नका, एवढंच विचारा: "सर, सर्व्हिस घेताना हिला बाहेर का काढता?"

मुलगी कुठे उभी आहे हे पाहायला दोन मोजमापं घरच्या घरी होतात.

पहिलं, रीच. बूट घालून भिंतीला बाजू लावून उभं करायचं, टाचा जमिनीवर, हात पूर्ण वर, बोटांच्या टोकाला खडू लावून खूण. ५ फूट ८ च्या मुलीची ही खूण साधारण २२२ ते २२८ सेंटिमीटरवर येते. मग स्मॅशला येतात तशी तीन पावलं घेऊन उडी आणि दुसरी खूण. तीन प्रयत्नांतला सर्वोत्तम धरा. महिलांची जाळी २२४ सेंटिमीटर आणि चेंडूचा व्यास २१ च्या आसपास, शिवाय चेंडू आपण कधीच पूर्ण ताणलेल्या बोटांच्या टोकाने मारत नाही, तळव्याने मारतो. म्हणून भिंतीवरच्या खुणेतून १२-१५ सेंटिमीटर वजा करून विचार करायचा. भिंतीवरच्या खुणेचे (वजा न करता) माझे ठोकताळे असे आहेत: १५ व्या वर्षी २६५ चांगलं, १८ व्या वर्षी २७५ च्या पुढे हवं, आणि वरिष्ठ राष्ट्रीय संघात चार नंबरवर टिकायला २८० च्या वर. दर तीन महिन्यांनी मोजा, त्याच भिंतीवर आणि सराव नसलेल्या दिवशी. दमलेल्या पायांनी मोजलेला आकडा फसवतो.

दुसरं, पास. हे कुणी करत नाही आणि निवड समितीला नेमकं हेच दिसतं. पलीकडून चांगली सर्व्हिस करणारी मुलगी उभी करा, ३० सर्व्हिस घ्या, पैकी निम्म्या फ्लोट, म्हणजे चेंडू न फिरता हवेत डुलत येणाऱ्या. चेंडू जिथे जायला हवा ती जागा म्हणजे जाळीपासून मीटरभर आत, मध्यापासून थोडी उजवीकडे, दोन आणि तीन नंबरच्या मधे. तिथे उंचावर गेला की ३ गुण. सेटरला दोन-तीन पावलं हलावं लागलं पण दोन बाजूंना सेट देता आला तर २. कसाबसा उंच चेंडू एकाच ठिकाणी देता आला तर १. थेट पॉइंट गेला तर ०. सरासरी काढा. दीडच्या खाली असेल तर काम भरपूर आहे. १.८ ला राज्याच्या चाचणीत लक्ष जातं. २.१ च्या वर सातत्याने असेल तर उंचीत दोन इंच कमी असूनही ती खेळेल, आणि अगदीच उडी कमी पडली तर लिबेरोचं दार उघडं राहतं.

या मोजमापात एक गोष्ट हमखास चुकते, ती चेंडूतल्या हवेची. गावाकडे चेंडू दगडासारखा भरतात. नियमातला दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आहे, पंपावर साधारण साडेचार पीएसआय. चेंडू जास्त भरला की हातावरून उडतो, मुलगी घाबरून हात मागे ओढायला शिकते आणि ती सवय स्पर्धेत चांगल्या चेंडूवरही जात नाही. काटा असलेला पंप दोन-चारशे रुपयांत मिळतो. अकादमीच्या फीपेक्षा तो आधी घ्या.

शरीराचं थोडक्यात सांगतो, पण हे वगळू नका. व्हॉलीबॉलच्या मुली तीन ठिकाणी अडकतात: गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध, घोटा आणि खांदा. वाटीखाली दुखणं सकाळी जिना उतरताना जाणवतं, सरावात अंग गरम झालं की जातं, म्हणून मुली सांगत नाहीत. त्यावर महिनाभर पूर्ण विश्रांती आणि मग एकदम पूर्ण सराव, हा हमखास बिघडवणारा उपाय. उड्या निम्म्यावर आणा, खेळ चालू ठेवा, भिंतीला पाठ टेकून बसण्याचा व्यायाम ४५ सेकंदांचा पाच वेळा करा आणि फिजिओला दाखवा. वाढत्या वयात वाटीच्या खाली हाडाला टेंगूळ येऊन दुखतं ते वेगळं, ते बहुतेक वेळा वाढ थांबली की शमतं. घोटा मुरगळतो तो बहुतांशी जाळीखाली समोरच्या मुलीच्या पायावर उतरल्याने, म्हणून स्मॅशची शेवटची उडी पुढे न जाता वर जायला हवी. उतरताना दोन्ही गुडघे आत वळतात का ते मोबाइलवर समोरून चित्रित करून बघा. वळत असतील तर गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटला धोका आहे. आठवड्यातून तीनदा पंधरा-वीस मिनिटं उतरण्याचा, एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव वॉर्मअपमध्येच घाला. जोरदार उड्यांचे दिवस आठवड्यात तीन पुरे, मधे एकेक दिवस सोडून.

खाण्यात साठ किलोच्या मुलीला दिवसाला ८५ ते ९५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या डाळ किंवा उसळ, शेंगदाणे एवढ्याने साठीच्या आसपास पोचतो, म्हणून चिकन, पनीर किंवा सोयाबीन रोजच्या ताटात हवंच. हिमोग्लोबिन सहा महिन्यांनी तपासा, १२ च्या खाली असेल तर नुसता सराव वाढवून काही होणार नाही. आणि पाळी तीन महिने आली नाही तर 'खेळते म्हणून असं होतं' असं म्हणून सोडू नका. खाणं सरावाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते, हाडं ठिसूळ होतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या.

अकादमीबद्दल. तुमच्या सरांचा हेतू चांगला असेल, पण 'अकादमी' या नावावर जाऊ नका. जाऊन एक पूर्ण सराव बघा आणि मोजा: दोन तासांत तुमच्या लेकीच्या वयाच्या मुलीच्या हाताला चेंडू किती वेळा लागतो? एका जाळीवर तीस मुली आणि सहा चेंडू असतील तर ती दीड तास रांगेत उभी राहील. मैदान कसलं आहे तेही बघा. सिमेंटवर रोज उड्या मारायला लावणाऱ्या ठिकाणी फुकट जागा मिळाली तरी नको. लाकडी किंवा सिंथेटिक कोर्ट उत्तम, चांगली पाणी मारलेली माती चालते. मुलींसाठी वसतिगृहात महिला अधीक्षक आहे का, रात्री दार कोण लावतं, फिजिओ किती दिवसांनी येतो, हे विचारायला संकोच करू नका. साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) वसतिगृहांत, खेलो इंडियाच्या मान्यताप्राप्त केंद्रांत निवड झाली तर राहणं-खाणं-प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं, आणि खेलो इंडियाच्या निवडक खेळाडूंना महिना १०,००० रुपये हातखर्चही मिळतो. खासगी अकादमीला लाख-दीड लाख भरण्याआधी या चाचण्या देऊन बघाव्यात. तिथे निवड झाली नाही तरी आपण कुठे कमी पडतो ते कळतं.

परदेशाचं स्वप्न असेल तर ते बारा-पंधरा वर्षांच्या हिशेबात ठेवा, पण अशक्य म्हणू नका. दक्षिण कोरियाच्या महिला लीगने २०२३-२४ पासून प्रत्येक क्लबला एक आशियाई खेळाडू घेण्याची सोय केली. पहिल्या हंगामात तिचं मानधन १ लाख डॉलर ठरलं होतं. इंडोनेशियाची मेगावती हांगेस्त्री तिथूनच आशियाभर ओळखली गेली. व्हिएतनामच्या मुली जपानमध्ये खेळल्या आहेत. तुर्कस्तान आणि इटली हे सगळ्यात वरचे, थेट तिथे कुणी बोलावत नाही. अमेरिकेत २०२४ आणि २०२५ मध्ये दोन नव्या व्यावसायिक लीग सुरू झाल्या, पण त्यांच्या खेळाडू मुख्यतः तिथल्या कॉलेजांतून येतात. कॉलेजची शिष्यवृत्ती हाही एक मार्ग आहे, त्यासाठी मात्र दहावी-बारावीचे गुण, इंग्रजी आणि सामन्यांचे चित्रित तुकडे अकरावीपासूनच जमवावे लागतात, आणि त्याआधी कुठल्याही क्लबशी पैशांचा करार केला तर पात्रता धोक्यात येते.

करार कधी समोर आलाच तर चार गोष्टी वाचायच्या. हंगाम किती महिन्यांचा आणि पगार किती महिन्यांचा (युरोपात हंगाम सात-आठ महिन्यांचा, उरलेले महिने बिनपगारी). आकडा कर कापून आहे की आधीचा. घर, जेवण, जाण्या-येण्याचं तिकीट कुणाकडे. आणि दुखापत झाली तर पगार चालू राहतो की वैद्यकीय तपासणीनंतर करार रद्द होतो. एजंटाचं कमिशन साधारण दहा टक्के, ते क्लबकडून जातं. 'आधी नोंदणीचे पैसे भरा' म्हणणारा एजंट नव्हे, त्याला दारातूनच परत पाठवा. कुठल्याही देशात खेळायला आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर आपल्या महासंघाची संमती लागते. सरकारी नोकरीत असाल तर खात्याचं ना-हरकत पत्र वेगळं. म्हणजे नोकरी आधी आणि परदेश नंतर असा क्रम ठरवलात तर रजेचा प्रश्न येणार, हे आधीच धरून चाला. माझा कल तरीही नोकरी आधी याकडे आहे. तुमची आर्थिक स्थिती भक्कम असेल तर उलटा विचार करता येईल.

महाराष्ट्रात नोकरीचा आणखी एक रस्ता आहे: राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. मुलगी व्यावसायिक खेळाडू झाली नाही तरी यातून तिचं आयुष्य उभं राहू शकतं. इथे लोक हरतात ते कागदावर. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, आणि बोगस प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनंतर ती काटेकोर झाली आहे. म्हणून आजपासून एक फाइल करा. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, संघाची अधिकृत यादी, स्पर्धेचा निकाल, शक्य असेल तर सामन्याच्या गुणपत्रकाची प्रत. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी अक्षरशः जुळायला हवी. 'स्नेहल' आणि 'स्नेहा'च्या फरकावर माणसं अडकलेली आहेत. स्पर्धा कुठल्या संघटनेची होती, ती मान्यताप्राप्त आहे का, हे खेळायला जाण्याआधी विचारा. आपल्या भागात शूटिंग व्हॉलीबॉल जोरात चालतं, मजा येते, खेळू द्या. पण तो वेगळा खेळ आहे आणि त्याची प्रमाणपत्रं व्हॉलीबॉलची म्हणून धरली जात नाहीत.

यंदाचं सांगायचं तर दहावी असल्याने सराव सकाळी दीड तास पुरे, त्यातला निम्मा पासिंगचा. परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये दोन वेळचा सराव, भिंतीवरची खूण आणि ३० सर्व्हिसचा तक्ता काढा. जूनमध्ये कॉलेज निवडताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नियमित उतरणारा मुलींचा संघ जिथे आहे ते बघा, नावाजलेलं असो वा नसो. पदवीला गेल्यावर विद्यापीठ संघातून पश्चिम विभाग आणि तिथून अखिल भारतीय स्पर्धा, हा पुढचा रस्ता तिथूनच निघतो. दोन्ही आकडे आणि मुलीच्या आई-वडिलांच्या उंच्या इथे लिहा, चार नंबर की सेटर ते मग नेमकं सांगता येईल.